धागा : कमल बसदी बांधायला पैसे कोणी दिले? (व्यापारी, जात आणि धर्म, इंग्रजांच्या आधी)

रविवारपेठेतला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज दुकान लवकर बंद केलंय म्हणून बसलोय. थोरली लेक सुट्टीला आली होती, तिला बेळगावच्या किल्ल्यात कमल बसदी, म्हणजे जुनं जैन देऊळ, दाखवायला नेलं. छतातून खाली उतरलेलं ते दगडी कमळ बघून ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली आणि मग एकच प्रश्न विचारला, बाबा हे बांधायला पैसे कोणी दिले? मी म्हटलं राजानं दिले असतील. घरी आलो खरं ते उत्तर डोक्यातून जाईना, म्हणून १२०४ सालचे जे शिलालेख आहेत ते छापील वाचून काढले. मूळ दगड आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आपल्या गावाचा कागद तिकडं पडलाय हे वाचूनच वाईट वाटलं.

तर त्यात काय आहे, की सौंदत्तीच्या रट्ट राजांनी बेळगावला, म्हणजे तेव्हाच्या वेणुग्रामाला राजधानी आणली होती, चौथा कार्तवीर्य राजा आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन युवराज, आणि बसदी बांधली ती त्यांच्या बीचण नावाच्या मंत्र्यानं. शुभचंद्र भट्टारकांच्या हाती दान दिलं. इथपर्यंत राजा आणि मंत्रीच आहेत. खरं पुढं वाचलं की व्यापारी येतात, आणि तेही एकटेदुकटे नाहीत, कुंडी ३००० प्रांतातले फिरते व्यापारी, गावचे शेट्टी, शिवाय लाट म्हणजे दक्षिण गुजरातेतले आणि मल्याळ देशातले व्यापारी. या सगळ्यांनी मिळून आपल्याच मालावर पट्टी बसवून घेतली, सुपारी आली तर इतकी, विड्याची पानं आली तर इतकी, ती बसदीला. म्हणजे देवळाचा रोजचा दिवा पेटायचा तो बाजाराच्या पैशावर. ८०० वर्षांपूर्वी बेळगावच्या बाजारात गुजराती आणि मलबारी माणसं बसून ठराव करत होती हे वाचून मला तर अंगावर काटा आला.

आता माझा प्रश्न. आम्ही वाणी, तीन पिढ्यांची अडत आहे, गूळ आणि मिरची. लहानपणी शाळेत शिकलो की चार वर्ण, त्यात व्यापारी तिसरा, वरती ब्राह्मण आणि क्षत्रिय. ते खरं असेल तर हे तिसऱ्या नंबरचे लोक राजाच्या बरोबरीनं दगडावर नाव कसं कोरून घेतात? आणि त्यांच्या हातात एवढा पैसा होता, देऊळ मठ सगळं त्यांच्यावर चालायचं, तर जातीची उतरंड त्यांनी बदलली का नाही? का त्यांनाही ती हवीच होती? जाणकारांनी सांगावं. वाद घाला खरं शिवीगाळ नको.

हलशीकर

फार चांगला विषय काढलात अण्णा. मी खानापूर तालुक्यातला, मास्तरकी करून निवृत्त झालोय, त्यामुळं आधी आमच्या हलशीचं सांगू द्या. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंबांची दुसरी राजधानी. इथं सापडलेल्या ताम्रपटांत मृगेशवर्मा कदंबानं जिनालय बांधून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशा तीन वेगवेगळ्या जैन संघांना जमीन दिल्याचं आहे. राजा स्वतः वैदिक परंपरेतला, अश्वमेधाचा अभिमान सांगणाऱ्या घराण्यातला, आणि दान तीन जैन संघांना. म्हणजे एक राजा एक धर्म असं गणित आपल्या भागात कधीच नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. पुढं गोव्याचे कदंब आले, हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ त्यांच्याच काळातलं आणि देगावचं कमलनारायणाचं देऊळ राणी कमलादेवीनं बांधवलेलं. त्याच घराण्यातल्या पहिल्या जयकेशीच्या ११व्या शतकातल्या ताम्रपटात गोव्याच्या बंदरावर छडम नावाचा अरबी वंशाचा अधिकारी आहे, आणि त्यानं तिथं ‘मिजिगिती’ उभी केली. मिजिगिती म्हणजे मशीद. तिचा खर्च चालावा म्हणून बंदरात येणाऱ्या गलबतांवर पट्टी बसवली. आता तुमची बसदी आणि ही मशीद शेजारी ठेवून बघा. एकीकडं पानसुपारीवर पट्टी, दुसरीकडं गलबतावर पट्टी. देव वेगळा, हिशोबाची वही तीच.

आणि हे अरब अधिकारी काही कदंबांनाच सुचले असं नाही. राष्ट्रकूटांच्या वेळी, ९२६ सालच्या चिंचणीच्या ताम्रपटात संजाण भागाचा कारभारी मुहम्मद नावाचा ताजिक, म्हणजे अरब, आहे, आणि त्याच्या अमलात ब्राह्मणांच्या मठाला दान मिळालंय. वर्णाच्या कोष्टकात या माणसाला कुठं बसवणार? जिथं समुद्र आणि घाट, तिथं राजाला जकात वसूल करणारा आणि जहाजवाल्यांची भाषा कळणारा माणूस लागायचा. जात मागाहून बघायची.

अथणी_एक्सप्रेस

मग सरळ आहे ना, जात हे सगळं इंग्रजांनी खानेसुमारी करून पक्कं केलं. त्याआधी माणूस धंद्यावर ओळखला जायचा, आज हा धंदा उद्या तो. हलशीकर सरांनी दिलेली उदाहरणं हेच सांगतात. आमची अथणी पण १७व्या शतकात केवढी मोठी बाजारपेठ होती, विजापूर ते गोवा वाटेवरची, परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलंय. तिथं कोण कुठल्या जातीचा हे विचारत बसले असते तर धंदा झाला असता का? मला तरी असं वाटतं की आपण आपल्याच पूर्वजांना उगाच बदनाम करतो.

निपाणीकरीण

अथणीकर दादा, खानेसुमारीनं जाती कागदावर गोठवल्या हे मला मान्य आहे. खरं त्याआधी जात नव्हती असं म्हणणं म्हणजे मराठी दप्तर उघडलंच नाही असं म्हणणं झालं. मी थोडं मोडी वाचायला शिकलेय, त्यावरून सांगते.

गावात जसे पाटील कुलकर्णी तसे पेठेत शेटे आणि महाजन. हे वतनदार. नवी पेठ वसवायची म्हणजे सरकार कौल द्यायचं, अमुक वर्षं जकात माफ, या आणि दुकान टाका. उदमी लोक बोलावून आणायचं, त्यांना जागा नेमून द्यायची, वजनंमापं बघायची, भांडण झालं तर निवाडा करायचा, हे शेट्याचं काम, आणि त्याबद्दल प्रत्येक दुकानाकडून त्याला हक्क मिळायचा, बहुतेक मालातच. शेटे शब्द श्रेष्ठीवरून आलाय, तुमचे बेळगावचे शेट्टीही तेच. म्हणजे व्यापाऱ्याला गावात मान होता, अधिकार होता, वतन होतं. खरं ते वतन वंशपरंपरेनं होतं हे विसरू नका. बापाचं मुलाला, मुलाचं नातवाला.

आणि निवाड्याचे महजर, म्हणजे पंचांनी साक्षीनिशी लिहिलेले निकालाचे कागद, बघा. गोतसभा बसायची, सगळ्यांच्या निशाण्या कागदावर, कुणब्याचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. किती सुंदर वाटतं बघायला, सगळं गाव एका कागदावर. सीमेच्या भांडणात तर महाराची साक्ष सगळ्यात मोलाची. पण त्या निशाण्यांचं दुसरं टोक बघा, माणूस जन्मला की त्याची निशाणी ठरलेली. रापीवाल्याच्या मुलाच्या हातात तागडी आली असं त्या कागदांत होत नाही. त्याची साक्ष चालते, दुकान चालत नाही. इंग्रज यायच्या दीडदोनशे वर्षं आधीचे कागद आहेत हे.

एक मात्र खरं की व्यापारी म्हणजे वैश्य हे शाळेतलं समीकरण आपल्याकडं जुळत नाही. तुकोबांचंच बघा. देहूची महाजनकी घरात, किराणा दुकान, सावकारी, आणि स्वतःला म्हणवतात कुणबी, शूद्र. १६२९-३० च्या दुष्काळात सगळं बुडालं, आणि पुढं आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली असं चरित्रात सांगतात. वरच्या टोकाला बघाल तर पेशवाईतले मोठमोठे सावकार ब्राह्मण होते, बारामतीचे नाईक घ्या. आणि पुण्यात व्याजबट्टा, घाऊक व्यापार करणारे गोसावी, संन्यास घेतलेले लोक! म्हणजे धंदा कोणीही करत होतं, वर ब्राह्मणापासून कुणब्यापर्यंत. फक्त काही जण कधीच करू शकत नव्हते. मला वाटतं आपण तिथं थांबून विचार करायला पाहिजे.

शहापूर_मागवाला

वाचूलालो कालपासनं. भारी चाललंय. आमी शहापूरचे, घरात माग हाय अजून. आमचं शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडं, मधी एक ओढा म्हणाय पायजे, लहानपणी आजा सांगायचा.

मला एक विचारायचं हाय. इकडं कानडीत बलगै आणि येडगै म्हणजे उजव्या हाताच्या जाती आणि डाव्या हाताच्या जाती असं एक जुनं भांडण ऐकलंय. त्यात व्यापारी एका बाजूला आणि कारागीर दुसऱ्या बाजूला असतेत. हे मराठी मुलखात कुठं ऐकलं नाही. कोणाला म्हायती असली तर सांगा की ओ.

हलशीकर

शहापूरकर, बरोबर ऐकलंय तुम्ही. उजव्या हाताच्या गटाचं पुढारपण बणजिगांकडं, म्हणजे व्यापाऱ्यांकडं, आणि डाव्या हाताचं पंचाळांकडं, म्हणजे सोनार, लोहार, सुतार, कासार, पाथरवट या पाच कारागिरांकडं. भांडण कशावरून? तर लग्नाची वरात कुठल्या रस्त्यानं न्यायची, मांडवाला खांब किती, घोड्यावर बसायचं का, निशाण कुठलं. मद्रासला इंग्रजांच्या वखारीभोवती १६५२ ला आणि परत १७०७ ला एवढी दंगल झाली की रस्ते वाटून द्यावे लागले. दक्षिणेत जास्त, आपल्या बाजूला कमी, मराठी मुलखात नाहीच.

माझ्या मते यातून एक कळतं. हे भांडण ब्राह्मणांचं नव्हतं. ब्राह्मण या दोन्ही हातांच्या बाहेर. व्यापारी आणि कारागीर यांच्यात मान कोणाला जास्त यावरून शतकानुशतकं चाललेलं भांडण होतं आणि दोघांनीही आपापल्या मागं खालच्या जाती उभ्या केल्या होत्या. म्हणजे व्यापारी उतरंडीच्या बाहेर उभा राहून बघत नव्हता, ती तोही ओढत होता.

चिक्कोडीचा_चतुर्थ

जय जिनेंद्र. आम्ही चतुर्थ जैन, पिढीजात शेतकरी. लोकांना जैन म्हटलं की मारवाडी दुकानदार आठवतो, आपल्या भागातला निम्मा जैन नांगर धरणारा आहे हे माहीत नसतं. पंचम हे व्यापारातले, बोगार आणि कासार हे भांड्यांचे. बेळगावातली बोगारवेस म्हणताना रोज तो शब्द आपल्या तोंडात येतो.

रविवारपेठेतल्या अण्णांनी बसदीचं लिहिलंय त्यात थोडी भर. ‘अय्यावोळेचे ५०० स्वामी’ हे नाव या भागातल्या लेखांत पुन्हा पुन्हा येतं. अय्यावोळे म्हणजे ऐहोळे, बागलकोट जिल्ह्यातलं. हा फिरत्या व्यापाऱ्यांचा संघ. आमच्या जवळच्या तेरदाळला ११२३ साली गोंक नावाच्या मांडलिकानं नेमिनाथाची बसदी बांधली, तिथंही हे ५०० आहेत आणि त्यांची बिरुदं वाचावीत, ओळीच्या ओळी, राजाला लाजवतील अशी. ११३५ च्या लेखात कोल्हापूरला निंबदेव सामंतानं बांधलेली पार्श्वनाथाची बसदी आहे, तिलाही यांनीच पट्ट्या लावून दिल्या. हेच लोक तिकडं समुद्रापार, १०८८ चा तमिळ लेख सुमात्रा बेटावर बारुसला आहे त्यात ५०० च आहेत. म्हणजे तेरदाळ ते सुमात्रा एक नाव चालत होतं. त्यांच्यात जैन होते, शैव होते, वैष्णव होते. केरळात कोल्लमच्या ८४९ च्या ताम्रपटावर तर साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीत आहेत. रस्त्यावर चोर लुटारू असतात, तिथं शेजारच्या बैलवाल्याचा देव कुठला हे विचारून भागत नाही.

खरं याच व्यापाऱ्यांनी पुढं बसद्यांकडं पाठ फिरवली, हेही सांगायला पाहिजे, मला ते सांगताना त्रास होतो तरी. १२व्या शतकानंतर बणजिगांचा मोठा भाग लिंगवंत, म्हणजे लिंगायत, झाला. दान ज्या मठाला जातं तो मठ वाढतो. आमच्या कितीतरी बसद्या ओस पडल्या. हावेरी बाजूच्या अब्लूरच्या लेखात एकांतद रामय्या या शिवभक्तानं जैनांशी पैज लावून बसदी मोडली ती कथा कोरून ठेवलीय. सगळं गुण्यागोविंदानं होतं असं म्हणून चालणार नाही.

आणि दुसऱ्या बाजूचं उदाहरणही त्याच धर्माच्या भांडणातलं. श्रवणबेळगोळच्या लेखात आहे, १३६८ ला ठिकठिकाणच्या जैनांनी श्रीवैष्णवांविरुद्ध विजयनगरच्या बुक्करायाकडं दाद मागितली. बुक्करायानं जैनांचा हात वैष्णवांच्या हातात दिला आणि निकाल दिला की दोन्हीत भेद नाही. दर जैन घरानं वर्षाला एक हण, म्हणजे एक नाणं, द्यायचा, त्यातून बेळगोळला २० रक्षक नेमायचे, आणि नेमणार कोण, तर वैष्णव. हा सगळा मामला पुढं नेणारा माणूस कोण? बुसुवी शेट्टी. एक व्यापारी. दोन्ही बाजूंनी मिळून त्याला संघनायक ही पदवी दिली. म्हणून मी म्हणतो, पैसेवाला माणूस भांडण लावूही शकतो आणि मिटवूही शकतो.

अथणी_एक्सप्रेस

हे बुसुवी शेट्टीचं माहीत नव्हतं. धन्यवाद. मी वर जे लिहिलं ते घाईनं लिहिलं हे कबूल करतो, निपाणीच्या ताईंनी महजराचं सांगितल्यावर परत विचार केला. तरी एक शंका आहे. व्यापारी एवढे जोरात होते तर राजा चुकला की त्याच्याविरुद्ध उभे राहायचे का? का फक्त दान देऊन गप्प?

निपाणीकरीण

उभे राहिलेत. सुरतेत १६६९ ला काजीच्या जुलमाला, जबरदस्तीच्या धर्मांतराला कंटाळून ८ हजार वाणी गाव सोडून भडोचला गेले. तलवार नाही, काही नाही, नुसतं दुकान बंद. सुरतेसारखं बंदर थंड पडलं. औरंगजेबाकडून दिलासा मिळाल्यावरच परत आले. ही व्यापाऱ्याची ताकद.

आता त्या ताकदीची हद्द बघा. सोनारांकडं पैसा कमी होता का? तरी १७७९ साली मुंबईत सोनारांनी एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणायचं नाही असा हुकूम निघाला. हुकूम इंग्रज कौन्सिलचा, आग्रह पुण्याच्या पेशवे दरबाराचा. काय मागत होते ते? दोन हात जोडून म्हणायचा एक शब्द. मोगल बादशहाला वाकवता येतं, खरं जातीत वर चढायचं म्हटलं की एक नमस्कार विकत मिळत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस मनातून जाईना.

रविवारपेठेतला

ताई, माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथं मिळालं. उरलेलं अर्धं मला माझ्या गल्ल्यावर बसून कळतंय ते सांगतो, चूक असेल तर दुरुस्त करा.

हुंडी कशी चालायची बघा. मी बेळगावात पैसे भरले, पेढीनं कागद लिहून दिला, तो घेऊन माझा माणूस वेंगुर्ल्याला गेला आणि तिथल्या पेढीनं रोख दिले. दर्शनी असेल तर दाखवली की पैसे, मुदती असेल तर ठरल्या दिवशी. मधे घाट, जंगल, दोन राज्यं. कोर्ट कुठलं नाही. तिथला माणूस बुडवणार नाही याची खात्री कशाची? तर तो माझ्या जातीतला, त्याची बहीण माझ्या चुलत्याला दिलेली, त्यानं दिवाळं काढलं तर पंचायत त्याला वाळीत टाकणार, त्याच्या पोरीचं लग्न जमणार नाही. पत म्हणजे हीच. जात हीच व्यापाऱ्याची बँक होती आणि जात हेच त्याचं कोर्ट होतं. मग तो जात कशाला मोडेल? ब्राह्मणानं पोथीत लिहिलं म्हणून नाही किंवा राजानं सांगितलं म्हणूनही नाही, त्याच्या स्वतःच्या वहीला जात लागत होती म्हणून.

म्हणून रस्त्यावर ५०० स्वामी सगळे एक, जैन शैव अरब सगळे चालतील, आणि घरी आल्यावर रोटीबेटीचं दार बंद. दोन्ही एकाच माणसाचं. मला वाटायचं व्यापार वाढला की माणसं मोकळी होतात. माझ्याच धंद्याकडं बघून आता तसं म्हणवत नाही.

आणि वर्णाचं म्हणाल तर आपल्या बेळगावचा किल्लाच बघा. १४७२-७३ च्या सुमारास तो जिंकला महमूद गवाननं, बहमनी वजीर. हा मूळचा इराणातल्या गिलानचा व्यापारी आणि त्याचा किताब काय, तर ‘मलिक-उत-तुज्जार’, व्यापाऱ्यांचा राजा. तिकडं कित्तूरच्या देसायांचे मूळ पुरुष हिरेमल्लशेट्टी आणि चिक्कमल्लशेट्टी, नावातच शेट्टी, विजापूरच्या फौजेबरोबर आले आणि हुबळीची सरदेशमुखी मिळवली. शेट्टीचा देसाई झाला, व्यापाऱ्याचा वजीर झाला.

कक्केरीचा_पाहुणा

दोन दिवस वाचतोय, लिहू का नको असं चाललं होतं. लिहितो.

अण्णा, शेट्टीचा देसाई झाला म्हणालात. ढोराचा शेट्टी झाला असं एक उदाहरण सांगा. एक.

आमचं मूळ खानापूर तालुक्यातलं. कातडं कमावणारे आम्ही. कक्कय्या समाज म्हणतो आम्ही स्वतःला. बाभळीची साल, हिरडा, चुना, त्या हौदात दिवस दिवस हात घालून माझ्या आज्याची नखं गेली होती. तुम्ही सगळ्यांनी पान लिहिलं, सुपारी लिहिली, गलबत लिहिलं. तो माल घाटातून चढवला कोणी? बैलानं. बैलाच्या वाद्या कशाच्या? तेला-तुपाचे बुधले कशाचे? घोड्याचं खोगीर, विहिरीवरची मोट, भिस्त्याची पखाल? कातडं कमावल्याशिवाय तुमचे ५०० स्वामी ऐहोळेच्या वेशीबाहेर पडले नसते. पट्ट्या देणारे म्हणून त्यांची बिरुदं दगडावर आहेत. आमचा माल त्यांच्या प्रत्येक बैलावर होता आणि आमची वस्ती गावाबाहेर होती.

एकदाच कोणीतरी वेगळं केलं. बसवण्णा १२व्या शतकात कल्याणला बिज्जळ राजाचे भांडारी होते, खजिन्याचा माणूस, हिशोब कळणारा. त्यांच्याभोवती जमलेले कोण? मडिवाळ माचय्या परीट, अंबिगर चौडय्या नावाडी, मेदार केतय्या बुरूड, नुलिय चंदय्या दोर वळणारा, आणि आमचे डोहार कक्कय्या. बसवण्णांनी वचनात मादार चन्नय्याला बाप म्हटलंय आणि आमच्या कक्कय्यालाही वडिलकीचा मान दिलाय. कायक म्हणजे काम, प्रत्येकाचं काम सारखं. हे नुसतं बोलून थांबले नाहीत, ११६७ च्या सुमारास हरळय्या समगाराचा, म्हणजे चांभाराचा, मुलगा आणि मधुवरसाची, ब्राह्मण मंत्र्याची मुलगी यांचं लग्न लावलं. राजानं दोन्ही बापांना मारलं. मग शरण, म्हणजे बसवण्णांचे सोबती, पांगले ते आपल्याच भागात आले. चन्नबसवण्णा उळवीला, गंगांबिका मुगुटखान हुबळीला मलप्रभेच्या काठी, आणि कक्कय्या कक्केरीला. त्यांची समाधी तिथं आहे.

हलशीकर सर, तुमच्या हलशीपासून कक्केरी काही फार लांब नाही. बसदी, देऊळ, मशीद सगळं बघितलं जातं, कक्केरीला कोण जातं?

आणि चिक्कोडीचे म्हणतात तसं पुढं बणजिग त्या धर्मात आले, पैसा आला, मठ आले, मोठे झाले. त्यात कक्कय्याच्या लोकांना पंगतीला बसवलं का हे तुम्हीच सांगा. माझा आजा कातडं घेऊन बेळगावच्या एका अडतीवर यायचा. पैसे हातात नाही मिळायचे, ओट्यावर ठेवायचे, तो उचलायचा. पाणी वरनं. चहाची कपबशी कोनाड्यात वेगळी, स्वतः विसळून ठेवायची. तुमची बँक आणि तुमचं कोर्ट म्हणालात ना, त्या बँकेत आमचं खातं नव्हतं आणि त्या कोर्टात आम्ही कायम आरोपी होतो.

हलशीकर

पाहुणे, मी ३१ वर्षं त्या तालुक्यात शिकवलं. मुलांच्या सहली हलशी, देगाव, कित्तूर सगळीकडं नेल्या. कक्केरीला बिष्टादेवीच्या जत्रेला गेलोय, कक्कय्यांच्या समाधीवर एकदाही नाही. हे माझ्याकडून राहिलं.

चिक्कोडीचा_चतुर्थ

पंगतीचं म्हणालात. नाही बसवलं. आमच्याकडंही नाही. खोटं कशाला बोलू.

शहापूर_मागवाला

पावण्या, आमच्या मागाच्या धोट्याला पण तुमच्याच कातड्याची वादी असायची. आजा जपून ठेवायचा ती. कोणी कमावली कधी विचारलं नाही.

निपाणीकरीण

तुमचं वाचून मंगळवेढा आठवला. बिज्जळाचं जुनं ठाणं तेच, बसवण्णांची सुरुवातही तिथली, आणि १३३८ ला गावकुसाच्या कामावर भिंत पडून चोखोबा गेले तेही मंगळवेढ्यातच. पावणेदोनशे वर्षांत त्याच गावात वेठीला जाणारा माणूस बदलला नाही. माझ्या पहिल्या लिहिण्यात मी म्हटलं होतं इथं थांबून विचार करायला पाहिजे, आणि पुढं मीच सुरतेला निघून गेले. तुम्ही थांबवलंत ते बरं केलंत.

रविवारपेठेतला

पाहुणे, ‘बेळगावच्या एका अडतीवर’ असं लिहून तुम्ही नाव घेतलं नाहीत. आमच्या दुकानाच्या मागच्या सोप्यात कोनाडा आहे. आता त्यात उदबत्तीचे पुडे ठेवतो. लहान असताना तिथं दोन कपबशा असायच्या, कान तुटलेल्या, आणि त्याला हात लावायचा नाही असं आजीनं सांगितलेलं मला पक्कं आठवतंय. आजा माझा धर्मभोळा, एकादशीला उपास, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर दरवर्षी जाणारा, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे देणारा. पाटीवर नाव आहे त्याचं. ते नाव मी अभिमानानं लेकीला दाखवलं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही, ढोराचा शेट्टी झालेला मला एकही माहीत नाही. लेकीला मी सांगितलं होतं की बसदीला पैसे राजानं दिले, मग सुधारून सांगितलं की व्यापाऱ्यांनी दिले. काल रात्री तुमचं लिहिणं तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली कक्केरीला कधी जायचं?

रस्ता कुठून बरा पडेल, सांगता का?

कक्केरीचा_पाहुणा

खानापूरवरून नंदगड, मग बिडी, मग कक्केरी. बस आहे खरं वेळ धरून नाही येत, गाडी काढा. मी रविवारी तिकडंच आहे, चुलत्याकडं. सकाळी ९ ला खानापूर स्टँडवर थांबतो. हलशीकर सरांना पण आणा.

हलशीकर

मी ९ च्या आधी स्टँडवर असतो.

रविवारपेठेतला

येतो. लेक शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतेय. नंदगडात थांबून चहा घेऊया सगळे.